चोळीबांगडीची बाग

माझ्या थोरल्या जावेचा मी आयुष्यभर हेवा केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवायला नकोत. म्हातारपणी आठवणी लिहायला बसलेल्या लोकांना सगळी माणसं देवासारखी आठवतात. माझं तसं होत नाही. कुणाला पाटल्या आधी मिळाल्या आणि कुणाला नंतर, ते मला आठवतं.

आमचं घर श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून पायी तासाभरावर. दोघे भाऊ सरकारी कामांचे ठेकेदार. म्हणजे ठेका थोरल्या दिरांचा, बोर्डावर नाव त्यांचं, जीप त्यांची, आणि आमचे हे साईटवर. रस्ते, मोऱ्या, शाळांच्या खोल्या, बंधारे अशी कामं असायची. उन्हात उभं राहून मुरूम मोजून घ्यायचा तो यांनी, आणि नगरला इंजिनियरसाहेबांबरोबर चहा प्यायचा तो थोरल्यांनी. मला याचा फार राग यायचा, पण तो दिरांवर काढायची सोय नव्हती. थोरला दीर समोर आला की पदर पुढे ओढून भिंतीला लागायचं, अशी तेव्हा रीत. ते माझ्याशी थेट बोलायचेही नाहीत. “धाकटीला म्हणावं, चहा टाक,” असं बायकोला सांगायचे, आणि मी तिथेच चार हातांवर उभी असायची. मग तो सगळा राग जावेच्या वाट्याला यायचा.

जावेला मी ‘बाई’ म्हणायची. उंच, काळीसावळी, भरभर चालणारी बाई. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मी सातवी पास, तीही चांगल्या मार्कांनी. गावातल्या निम्म्या बायका माहेरची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि उत्तरंही लिहून घ्यायच्या. माझं अक्षर वळणदार होतं. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि घरात त्याची कुणाला फारशी गरज पडत नव्हती.

तिच्याकडे जमीन होती. आमच्याकडे लेकीला माहेरून सणावाराला चोळीबांगडी करतात. पण बाप हयातीतच शहाणपण करणारा असेल, तर तो जमिनीचा एक तुकडाच तिच्या नावावर लिहून देतो, म्हणजे पुढे तिला भावांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. त्याला चोळीबांगडीची जमीन म्हणतात. जावेच्या वडिलांनी घोड नदीच्या बाजूला तीन एकर जमीन अशी तिच्या नावावर केली होती. माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावांनी मला तालुक्याला नेलं, हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली, हॉटेलात भजी खाऊ घातली आणि एक लुगडं दिलं. तिथला कारकून माझी सही बघून म्हणाला, ताईंचं अक्षर छान आहे. मी त्यावर हसले होते. ते हसू आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते.

बाईने त्या तीन एकरांत लिंबोणी लावल्या. विहिरीला पाणी बेताचंच, म्हणून पहिले दोन उन्हाळे तिने हंड्याने पाणी घातलं. एक दिवसाआड सकाळी उठून चालत जायची आणि दिवस कलताना परत यायची. तोवर साईटवरच्या माणसांच्या भाकऱ्या थापत मी चुलीपुढे. परत आली की तिच्या लुगड्याला लिंबाच्या पाल्याचा वास यायचा. मी तो मुद्दाम घ्यायची नाही, पण यायचाच. झाडं धरली. चौथ्या-पाचव्या वर्षी काष्टीच्या बाजारात तिची लिंबं गेली, आणि आलेल्या पैशांतून तिने घरातल्या सगळ्या पोरांना कपडे आणले, माझ्याही. मला ते घ्यावे लागले. पोरांच्या अंगावर ते कपडे बघून मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

सत्तरच्या सुमारास आमच्या घरी नगरचे एक वकील येऊ लागले. ते फक्त टॅक्सचं काम बघायचे. ठेकेदारांचा धंदा तेव्हा जोरात होता आणि इन्कमटॅक्सही जबर होता. कमाई जरा वाढली की तिच्यातलं बहुतेक सरकारच घेतं, असं थोरले ओरडायचे. वकिलांनी यावर तोड काढली होती. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. तेव्हा ठेक्यातला नफा लिंबांचा म्हणून दाखवायचा. आणि जमीन बायकोला माहेरून आलेली असली तर सोन्याहून पिवळं, कारण ती नवऱ्याने दिलेली नाही, त्यामुळे तिचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईत धरता येत नाही. बाईच्या बागेतून टोपलीभर लिंबं निघाली की कागदावर गाडीभर निघायची. हे आमच्याच घरी होत होतं असं नाही. त्या वकिलांच्या हाताखालचे सगळे ठेकेदार एकाएकी बागायतदार झाले होते. कुणाची मोसंबी, कुणाची द्राक्षं. पारनेरच्या एका माळरानावर तर, ऐकलं ते खरं असेल तर, पेरू पिकत होते. घरात यावर हसणं चालायचं. चोरी केली असं कुणाला वाटत नव्हतं. वकिलाने सांगितलं म्हणजे ते कायद्यातलंच, अशी समजूत होती.

मला चोरीचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते वेगळंच. माझ्या नावावर वीतभर जमीन असती तर वकील माझ्याकडेही वळले असते. आता सगळं बाईच्या नावाने होऊ लागलं. बँकेत खातं तिचं. नगरजवळ सावेडीला नवीन घरं होत होती, तिथे थोरल्यांनी प्लॉट घेतला, तोही तिच्या नावावर. आणि या सगळ्या कागदांवर अंगठा बरा दिसत नाही म्हणून तिला सही शिकवायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं.

मी तिला पाटीवर सही शिकवली. तिच्या नावात एक जोडाक्षर होतं, ते तिला पंधरा दिवस जमेना. पेन्सिल ती खुरप्यासारखी मुठीत धरायची. मी तिचा हात धरून अक्षर गिरवायची आणि मनात म्हणायची, शीक बाई, माझ्या हाताने शीक आणि तुझ्या नावावर कर सगळं. जमलं तेव्हा तिने ती पाटी दोन दिवस पुसू दिली नाही. “धाकटे, तुझ्यामुळं झालं ह्ये,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिचं असं सरळ वागणं मला फार खुपायचं. ती जरा ताठली असती, चार बायकांत मिरवली असती, तर तिचा दुस्वास करायला मला निदान कारण मिळालं असतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. घरोघर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, आणि बायामाणसं खडी फोडायला कामावर. आमच्या घरी मात्र कामांची चंगळ होती. खडी वाहायला ट्रक लागत होते, दोघेही भाऊ घरी टेकत नव्हते. बाईच्या लिंबोणींकडे बघायला कुणाला सवड नव्हती. विहीर तळाला गेली. बाई तरी जात होती. कुठून तरी दोन हंडे मिळवायची आणि झाडांच्या बुडाशी घालायची. एक दिवस दुपारी परत येऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, तहसीलदाराला एक अर्ज लिहून दे, विहीर खोल करायला तगाई मिळती म्हनत्यात. नवऱ्याला तिने विचारलं नव्हतं. त्यांनी म्हटलं असतं, एवढा पैसा खेळतोय आणि तू सरकारी कर्जासाठी अर्ज कसला करतीस. तिला त्यांचा पैसा नको होता. बाग तिच्या बापाच्या जमिनीतली, ती तिची तिने वाचवायची, एवढं तिच्या डोक्यात होतं.

मी विचारलं, झाडं किती, जळाली किती. ती म्हणाली, दोनशे चाळीस हायती, बरीचशी गेली, पन विहिरीकडच्या कोपऱ्यातली वीसेक अजून तग धरून हायती, तेवढी तरी राहावी.

मी अर्ज लिहिला. इतकं सुंदर अक्षर मी त्याआधी आणि त्यानंतर काढलेलं नाही. मेहेरबान तहसीलदारसाहेबांचे सेवेशी, म्हणून सुरुवात केली आणि पुढे लिहिलं की दोनशे चाळीस झाडे पाण्यावाचून पूर्णपणे जळून गेली असून आजमितीस एकही झाड जिवंत नाही. वीस झाडांचं मी लिहिलं नाही. असं केलं की तगाई लवकर मिळेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते खरं. ‘एकही झाड जिवंत नाही’ हे लिहिताना मला बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. तिने खाली सही केली, जोडाक्षरावर जरा थांबून. तलाठ्याकडे अर्ज दिला, पुढे त्याचं काही झालं नाही, आणि पावसाळ्यापर्यंत ती वीस झाडंही गेली. अर्ज आम्हा दोघींशिवाय घरात कुणाला माहीत नव्हता.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर इन्कमटॅक्सच्या नोटिसा आल्या. नगरच्या बऱ्याच ठेकेदारांना आल्या, एकाच वकिलाचे सगळे अशील. मागच्या वर्षांची प्रकरणं उघडणार होते. आमच्याकडची नोटीस बाईच्या नावाने होती. तिने स्वतः हजर राहून बागेच्या उत्पन्नाबद्दल जबाब द्यायचा होता. मला सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशीही मला पहिल्यांदा हेच वाटलं, की सरकारचं पाकीटसुद्धा हिच्याच नावाने येतं.

वकील घरी आले. प्रकरण वाईट नव्हतं, पण बाईवर अवलंबून होतं. बाग माझी आहे, उत्पन्न माझं आहे, हे तिने साहेबाला पटवलं तर सुटका होती. नाही पटलं तर मागचं सगळं ठेक्यात धरलं जाणार, वर दंड, आणि थोरल्यांचं ठेकेदारीचं नावच काळ्या यादीत जायचं. म्हणजे दोन्ही भावांची चूल त्याच्यावरच. वकिलांनी मराठीत प्रश्न आणि उत्तरं लिहून आणली होती. थोरले बायकोकडे बघून म्हणाले, धाकटीला सांग, हे तुझ्याकडून पाठ करून घ्यायला. सुनावणीला आठ दिवस होते.

कागद माझ्या हातात आला. वर्षवार लिहिलं होतं. झाडं किती, लिंबं कुठं विकली, व्यापारी कुठला. वाचता वाचता शेवटच्या वर्षाशी आले आणि थांबले. दुष्काळाचं वर्ष. त्या वर्षीही लिंबांचं उत्पन्न होतं, आणि ते सगळ्यांत जास्त होतं. कारण त्या वर्षी ठेक्यातली कमाई सगळ्यांत जास्त झाली होती. थोरल्यांना बाग जळाली हे माहीत होतं, पण त्यांच्या लेखी ती कागदावरची बाग होती. तिला पाणी लागत नव्हतं. साहेब बाग बघायला आला तर काय सांगायचं, तेही लिहिलं होतं: झाडं पुढच्या उन्हाळ्यात गेली. पण तहसीलीत माझ्या अक्षरातला अर्ज होता, त्यावर त्या उन्हाळ्याआधीची तारीख होती आणि खाली बाईची सही होती.

मी मान वर केली. बाई समोर शेंगा फोडत बसली होती. वकील चहा पीत होते. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. नुसतं म्हटलं असतं, की आम्ही असा असा एक अर्ज दिलाय, तर वकिलांनी काहीतरी वाट काढली असती. निदान त्या वर्षाचं वेगळं काही सांगितलं असतं. मी पुन्हा कागदात डोकं घातलं.

आठ दिवस मी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं. रोज दुपारी, जेवणं उरकल्यावर. मी विचारायची, दुष्काळाच्या साली लिंबं कुठं घातली. ती म्हणायची, पुन्याच्या व्यापाऱ्याला. मी म्हणायची, बरोबर. ती दरवेळी हे उत्तर जरा चाचरत द्यायची आणि माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, “ह्या साली तर काईच न्हवतं की गं.” मी म्हटलं, वकिलांनी सांगितलंय तसं म्हणा. तिने ते उत्तर पुन्हा म्हटलं. मी मनात चित्र रंगवत होते. ती साहेबापुढे बसलीय, अर्ज पुढे आलाय, आणि तिला काय बोलावं सुचत नाहीये. त्यापुढे मी जात नव्हते. आमच्या घराचं काय होईल, यांचं काय होईल, हे मला दिसतच नव्हतं. मला तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, फक्त एकदा.

नगरला गेलो. बाईमाणूस घाबरेल म्हणून मला बरोबर बसायची परवानगी वकिलांनी मागून घेतली. थोरले बाहेरच्या बाकावर. साहेब तरुण होता, चष्मा लावलेला, आवाज न चढवणारा. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते आणि बाईने उत्तरं नीट दिली. खड्डे केवढे घेतले, रोपं कुठून आणली, हे तर तिने न शिकवता सांगितलं. साहेबालाही ते आवडलं असावं, तो हे लिहून घेताना हसला. मग त्याने तहसीलीतून मागवलेली एक फाईल उघडून अर्ज बाहेर काढला. मला लांबूनच माझं अक्षर ओळखू आलं.

त्याने अर्ज मोठ्याने वाचला. ‘आजमितीस एकही झाड जिवंत नाही’ हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. बाईने तो अर्ज तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, कारण लिहून झाल्यावर मी तिला तो वाचून दाखवला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, शिवलेल्या कापडाची उसवण बघतात तितकाच.

वकील हुशार. त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि आम्हाला बाहेर आणलं. दुसरा मार्ग नव्हता, त्यांनी सांगितलं, अर्जच खोटा ठरवायचा. बाईंना वाचता येत नाही. धाकटीने स्वतःच्या मनाने भलतंसलतं लिहिलं, बाईंनी न वाचता सही केली. बाग जिवंत होती. थोरल्यांनी मान हलवली आणि मग, लग्न होऊन मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, ते सरळ माझ्याशी बोलले.

“तूपन तसंच म्हन. जावेवर जळून लिवलं म्हन. घर वाचंल.”

त्यांनी खोटं म्हणून जे सुचवलं होतं, ते बरंचसं खरं होतं. बाईला नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. वीस झाडं जिवंत असताना हिने एकही नाही असं लिहिलं, हे तर ती शपथेवर सांगू शकत होती. घर वाचलं असतं, आणि सरकारी कागदात कायमचं लिहिलं गेलं असतं, की या बाईने जावेच्या द्वेषापोटी खोटा अर्ज केला. मी घाबरून गप्प बसले, दुसरं काही नाही.

आत गेलो. साहेबाने विचारलं, अर्ज कुणी लिहिला. बाईने पदर सारखा केला.

“हिनं लिवला साहेब. पन मी सांगितलं त्येच लिवलं. हिच्या मनाचा एक शबुद न्हाई त्यात.”

“म्हणजे झाडं जळाली होती?”

“जळाली. समदी जळाली. मीच तोडून सरपनाला आनली.”

“मग त्या वर्षीची लिंबं?”

“लिंबं न्हवती साहेब. मेल्या झाडाची लिंबं इकली असं मला न्हाई म्हनता येनार. बाकीचं मालकांना इचारा.”

वकिलांनी डोळे मिटून घेतले. साहेबाने जबाब लिहिला, वाचून दाखवला, तिने सही केली. बाहेर येईपर्यंत माझ्या मनात काय होतं ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. मी वाचले होते, तिने मला वाचवलं होतं, आणि माझ्या पोटात तरीही दुखत होतं. कारण आम्ही निघताना तो साहेब उठून उभा राहिला होता, तिच्यासाठी. तिच्यासारख्या अडाणी बाईसाठी.

पुढचं लवकर घडलं. मागची सगळी वर्षं उघडली गेली. ट्रक विकले, जीप गेली, सावेडीचा प्लॉट गेला. ठेके बंद झाले. आमचे हे दुसऱ्या एका ठेकेदाराकडे पगारी मुकादम म्हणून लागले आणि, खरं सांगायचं तर, आधीपेक्षा सुखी दिसायला लागले. चोळीबांगडीची जमीन तेवढी राहिली, ती बापाने दिलेली होती. थोरल्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. ती ताट वाढायची, ते उठून जायचे. “नवऱ्याचं घर बुडवलं,” एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आणि माझ्याशी ते आता सरळ बोलू लागले. धाकटी निदान तोंड मिटून बसली, धाकटी शहाणी, असं म्हणून त्यांनी कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेची काढून घेऊन मला दिली.

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. घरात पहिला शब्द माझा. चार पाहुणे आले की माझ्याकडे बघून विचारायचे. बाईला तेल हवं असलं, गूळ हवा असला, तर तो माझ्याकडे मागायला यावं लागे. मी वाट बघायला लागले, की आता हिला जळफळाट होईल. आता तरी हिला कळेल मला इतकी वर्षं काय होत होतं. पण ती यायची, भांडं पुढे करायची, म्हणायची, धाकटे, तेल दे, आणि तेल घेऊन जायची. तिच्या चेहऱ्यावर मी रोज शोधायची. तिथे काही नसायचं. तिला माझा हेवा वाटत नव्हता. जिच्यावर मी एवढी जळले, तिला मी जे मिळवलं ते मिळवण्यासारखंही वाटत नव्हतं.

असे दोन-अडीच महिने गेले. एका सकाळी ती तशीच तेलाला आली, आणि मला सहन झालं नाही. तिला लागावं म्हणूनच मी बोलले. पश्चात्तापाने नाही, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये.

“बाई,” मी म्हटलं, “त्या अर्जाचं मला आधीच आठवलं होतं. वकिलांचा कागद हातात आला, त्याच दिवशी.”

तिने भांडं तसंच धरून ठेवलं. रागावली नाही, रडली नाही.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “कागद वाचताना तुझं त्वांड बघितलं हुतं मी. कायतरी हाय, ह्ये कळलं. काय हाय, त्ये कळंना. मला कुठं वाचता येतंय. तू सांगशील म्हनून वाट बघितली गं. आठ दिस रोज बघितली.”